बाहीतली किमतीची चिठ्ठी

ती. आई,
वाकून नमस्कार.

फोटोतल्या कोटाच्या बाहीतून काय लोंबतंय, असं विचारलंस. चष्म्याशिवाय बरं दिसलं तुला! ती किमतीची चिठ्ठी. आम्ही दुकानातल्या बायका दिवसभर विकायचेच कपडे घालून उभ्या राहतो, म्हणजे गिऱ्हाइकाला मोह पडतो. संध्याकाळी काढून परत टांगायचे.

बघ, हौसही भागते आणि खर्चही नाही. माझा स्वतःचा तोच निळा ड्रेस, रोज धुऊन घालते. बाकी पगार शिल्लक पडतो, तो सगळा तुला पाठवता येतो. कोट चुरगळू नये म्हणून दिवसभर बसता येत नाही, एवढंच. पायांची सूज सकाळपर्यंत उतरते. तुझे गुडघे कसे आहेत?

काकूनं तो फोटो गल्लीभर दाखवला, असं लिहिलंस. धाकटीच्या लग्नाला तोच कोट घालून ये म्हणतेस. अगं, तो दुकानाच्या दाराबाहेर गेला की भोंगा वाजतो. आणि निळ्या ड्रेसमध्ये आले, तर काकू चारचौघांत काय काय बोलेल!

तेव्हा सगळ्यांना सांग, रजा मिळाली नाही.

तुझ्यापासून काय लपवू? मिळाली आहे गं.

तुझी,
थोरली