हवामान स्वच्छ

९ नोव्हेंबर, रविवार

काडी आज खोटं बोलला. मी विचारलं, "हवामान?" तर म्हणे, "स्वच्छ." आणि हात बघावेत तर लटपटताहेत!

आमच्या गटाचा हा रिवाज आहे. कातळाला हात लावण्याआधी जोडीदाराला विचारायचं – मनात हवामान कसं? स्वच्छ, ढगाळ की वादळ. एकाने वादळ म्हटलं की दोघांनीही त्या दिवशी खाली बसायचं. का, कशामुळे, कोणी विचारायचं नाही. चढाई शिकवणारे दादा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "दवाखान्यात पुष्कळ प्रश्न झाले तुमचे. इथे एकच."

आम्ही सगळे त्याच दवाखान्यातून बरे होऊन आलेले. बरे म्हणजे – घरी सोडलेले. काडी नावासारखाच, फुंकर मारली तर उडेल. पण मी वर असते तेव्हा माझा दोर त्याच्या हातात असतो आणि मला कधी भीती वाटली नाही.

खोटं सगळेच बोलतात म्हणा. आपल्या वादळापायी दुसऱ्याचा रविवार कशाला बुडवायचा? मीही स्वच्छच म्हणते. पण माझी गोष्ट वेगळी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मामाच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासल्या. एका आजोबांना नवा चष्मा लावला, तर त्यांनी आधी आरशात बघितलं आणि म्हणाले, "जुनाच बरा होता." मामा हसून हसून खोकायला लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चेहरा बघ कसा शांत झालाय तुझा." खरंच शांत आहे. कशाची घाई नाही, कोणावर राग नाही.

घरी येऊन कपाट आवरलं. निळा कोट वहिनीला दिला. "अगं, वेडी का, नवा आहे," म्हणाली. म्हटलं, मला कुठे लागतो आता. आई बाहेर मावशीला फोनवर सांगत होती, पोरगी सावरली हो. ऐकून बरं वाटलं. तिने खूप सोसलंय माझ्यापायी.

काडीची मात्र काळजी वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

चोराच्या उलट्या बोंबा! स्वतःचे डोळे खोल गेलेत आणि मलाच विचारतो, "झोपतेस का? जेवलीस का सकाळी?" मी म्हटलं, तू माझी सासू आहेस का? हसला नाही.

नंतर दादांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजत होता. मी जवळ गेले तर दोघेही दोर गुंडाळायला लागले. पुढच्या रविवारी मोठा सुळका आहे. आधी चढायची पाळी स्वतःकडे घ्यायला बघत असणार. आधी पोचणाऱ्याला जोडीदार येईपर्यंत वर एकटं बसायला मिळतं. त्याला असं एकटं सोडणं मला बरोबर वाटत नाही. मीच आधी जाणार.

आणि मलाही तेवढंच हवंय. थोडा वेळ, वर, कोणी नसताना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. काडीचाच विचार असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी दादांना फोन केला. म्हटलं, चुगली समजू नका, पण काडीचं लक्षण ठीक नाही, त्याच्यावर नजर ठेवा. मग म्हणाले, "नजर आहे माझी. तू कशी आहेस?"

नियम त्यांचाच आणि मोडतातही तेच! मी म्हटलं, एकदम छान.

आईने उद्याचा डबा विचारला. नको म्हटलं. बॅगेत काहीच भरलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा काढून ठेवली. वहिनीच्या लेकीला झोपवायला घेतलं, ती गळ्याला घट्ट धरून झोपली. हात सोडवताना फार जड गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं विस्कटलं.

सुळक्याखाली उभे होतो. मी दोर बांधून तयार. आज काडीचे हात अगदी स्थिर होते. मी विचारलं, "हवामान?" माझ्या डोळ्यात बघून म्हणाला, "वादळ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. म्हणजे दोघांनी खाली बसायचं. आज! मी तोंडाला येईल ते बोलले. भित्रा म्हटलं, काडीच आहेस म्हटलं, जिथे लागेल तिथे बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण माझ्या दोराचं टोक काही सोडलं नाही.

मग मला रडूच आवरेना. एक चढाई बुडाली म्हणून कोणी इतकं रडतं का? दादा येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसले. बाकीचे वर गेले, खाली आले, तरी आम्ही तिघे तसेच. परत येताना गाडीत दादांनी मला मधे बसवलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काडी ठणठणीत आहे. त्याचे हात माझा दोर धरायच्या भीतीने लटपटत होते – तो दादांना सांगत होता ते माझ्याबद्दल. दादांनी आज आईला सगळं सांगितलं, आणि तिने मला.

आई दुकानात आली, मामाला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "वर जाऊन काय करणार होतीस?"

मी म्हटलं, मला परत खाली यायचं नव्हतं.

ती ओरडली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.