टोचणारीस वेगळे ठेवणेबाबत

मी, चाळीस वर्षे गावाची मापे घेऊन गावाची पोटे गुपित ठेवणारी टेलरबाई, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पूर्वी लिहिलेले, सगळे मुलाला देणारे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते आणि राग धाकट्या बहिणीवर होता. कारण आता आठवत नाही.

कलम १. घर. मधल्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलगा आणि सूनबाई यांना. पुढची खोली, जिथे उजेड येतो आणि माझे शिलाई मशीन आहे, ती धाकटीला, तिच्या हयातीपर्यंत. तिथून तिला कोणी उठवू नये. पाहुणे आले म्हणूनसुद्धा नाही.

कलम २. कापडाची मोठी कात्री शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कांना. तासाभरासाठी म्हणून नेली आणि त्या कात्रीने त्यांनी कुंपणाची तार कापली. आता ती त्यांच्याच घरी शोभेल. धार लावून मिळणार नाही.

कलम ३. परसातल्या सात कोंबड्या धाकटी व सूनबाई यांना सामाईक. पैकी ‘कारभारीण’ नावाची थोरली आणि ‘भुरी’ नावाची गरीब यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

कारभारणीने भुरीला शेपटीच्या वर टोचले. रक्त दिसताच बाकीच्या पाचजणीही तुटून पडल्या. असे झाले की जखमी कोंबडी आधी उचलावी, चौकशी मागाहून करावी. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, टिपून कोरडी करावी आणि गुरांच्या डॉक्टरांनी दिलेले जांभळे औषध लावावे, म्हणजे लाल झाकले जाते. लाल दिसले की सगळ्यांना चेव येतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. जखम झाकायला म्हणून मी भुरीला पाठीवरचे छोटे जाकीट शिवले, बेतलेले, दोन बंदांचे, अस्तरासकट. लाल मखमलीचे.

गुरांचे डॉक्टर आले तेव्हा सहाही कोंबड्या जाकीट ओढत होत्या.

“अहो टेलरबाई, हे जाकीट आहे की जेवणाचं आमंत्रण?” डॉक्टर म्हणाले.

दुसरे जाकीट गडद निळे शिवले आणि भुरीला एकटीला कोंडून ठेवले. भुरी बरी झाली, कळपात सोडली आणि चौथ्या दिवशी पुन्हा रक्त. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. “तुम्ही भलतीलाच कोंडताय. जखम भरेपर्यंत भुरीला जपा, पण कळपातून काढायचं ते टोचणारीला. चार-पाच दिवस वेगळं ठेवा, जाळीतून बाकीच्या दिसू देत. परत येईल तेव्हा तिचा तोरा उतरलेला असेल.” शिवाय दाण्याची भांडी दोन, दोन कोपऱ्यांत, म्हणजे एकीला दोन्हींवर पहारा करता येत नाही. आणि कोबीचा गड्डा दोरीने टांगावा, रिकाम्या चोचीला उद्योग. रविवारी मुलासाठीही असेच काहीतरी टांगून पाहावे.

कलम ४. वरील मखमल सूनबाईची होती. तिच्या जाकिटाच्या वेळी “कापड कमी पडलं, बाह्या आखूडच होतील,” असे मी सांगितले होते. कापड कमी पडले नव्हते. उरलेला तुकडा पेटीच्या तळाशी आहे, त्याबरोबर माझी रेशमी शालही तिने घ्यावी. शालीला चोची लागलेल्या नाहीत.

कलम ५. टोचणारीला वेगळे काढायला सांगितले त्याच दिवशी डॉक्टर चहा घेत असताना सूनबाई म्हणाली, “मावशी, भाजीत परत मीठ जास्त!” मुलगा खो खो हसला. धाकटी खाली बघत राहिली. डॉक्टरांनी मला हळूच विचारले, “आणि इथे पहिली चोच कोणाची?”

मी सूनबाईकडे बोट दाखवणार होते. मग आठवले. अकरा वर्षांपूर्वी धाकटी सासर सोडून एक ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा सूनबाई या घरात नवीन होती. सगळ्यांदेखत मी धाकटीला म्हणाले होते, “राहा. नवरा नाही टिकवता आला, निदान बटण तरी नीट लाव.” सगळे हसले. धाकटीशी कसे बोलायचे हे सूनबाई माझ्याकडूनच शिकली. पहिली चोच माझी. मला त्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी धाकटीने ट्रंक बाहेर काढली. “ताई, भुरीला पिसं आली की मी जाते. तोवर औषध मी लावीन.” मला “थांब” एवढेसुद्धा म्हणता आले नाही, म्हणून हे कायद्याच्या भाषेत लिहावे लागत आहे. पिसे आलेली आहेत. मला अजून दिसत नाहीत, असे मी रोज सांगते, आणि ती रोज चष्मा पुसून माझ्या हातात देते.

कलम ६. बाकीची कलमे माझ्या पश्चात, हे कलम सही होताच लागू. पुढच्या खोलीची किल्ली धाकटीच्या हाती द्यावी. परसातल्या ज्या खोलीत ती अकरा वर्षे राहिली, तिथे मी जात आहे. कारभारणीला पाच दिवस लागले. मला किती लागतील ते धाकटीने ठरवावे, घाई करू नये. जेवणाचे भांडे वेगळे चालेल. मी खिडकीच्या जाळीतून दिसत राहीन. धाकटे, थांब.

साक्षीदार :
१. गुरांचे डॉक्टर (सही)
२. शेजारचे हेडक्लार्क (सही). ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे त्यांनीच सांगितले आणि कात्रीवर पाणी सोडले. कलम २ रद्द. कात्री धाकटीला. धार लावून.

लिहून ठेवणार : टेलरबाई (सही)
तारीख : आठ, बुधवार
ठिकाण : परसातली खोली. कडी बाहेरून, धाकटीच्या हाती.