खेळघराची गुप्त पाहणी

११ जानेवारी, रविवार

कान अजून वाजतायत. तीन तास! वर गाणी, खाली किंचाळ्या, मधे बोलिंगचा गडगडाट — आणि मी पर्समध्ये स्टॉपवॉच लपवून खांबाला टेकून उभी. तिकीट खिडकीवर चार मिनिटं वीस सेकंद. मोज्यांच्या काउंटरवर दोन मिनिटं दहा. पॉपकॉर्न गार. मोठ्यांच्या स्वच्छतागृहात साबण नाही. लहानांच्या स्वच्छतागृहात आहे, पण इतका उंचावर की लहानांचा हातच पोचत नाही. घसरगुंडीच्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरची रबरी पट्टी सुटलेली. हे मी सलग तिसऱ्या खेपेला लिहितेय. वाचतं कोण?

गुप्त ग्राहक म्हणे! साधं गिऱ्हाईक बनून जायचं आणि कंपनीसाठी गुपचूप तपासायचं. ऑक्टोबरपासूनची ही सातवी खेप. एकाच दुकानात सातदा गेलं की दुकानदार खुर्ची पुढे करतो. मोजे देणारी मुलगी आज मला बघून म्हणाली, आजी, तुमचे पाच नंबरचेच ना? पायाचं माप पाठ झालंय तिला! जावयाला विचारलं, कंपनी दुसरीकडे का पाठवत नाही? तर म्हणाला, त्यांना सातत्य तपासायचं आहे. आता यावर काय बोलणार.

जावई म्हणजे माजी जावई. माजी मुख्याध्यापक असतात तसा. फरक एवढाच, की माजी मुख्याध्यापक समोर आले की काय बोलायचं ते सुचतं.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळपासून फॉर्म भरतेय. चौऱ्याण्णव प्रश्न! मी तीस वर्षं वजनमापं तपासली. न सांगता दुकानात जायचं, काटा बघायचा, वजनांवरचे शिक्के बघायचे, खोट दिसली तर तिथल्या तिथे कागद करायचा. एका पानात काम व्हायचं. आणि इथे पॉपकॉर्न विकणारीने नजरेला नजर दिली का, यावर तीन उपप्रश्न!

त्यातून गेल्या महिन्यापासून भलतेच प्रश्न यायला लागलेत. प्रश्न एकसष्ट — सोबतच्या ज्येष्ठ व्यक्तीने किमान एका खेळात भाग घेतला का? नसल्यास कारण लिहा. लिहिलं, "गुडघे." प्रश्न अठ्ठ्याहत्तर — मुलाने ज्येष्ठ व्यक्तीला काय काय सांगितलं, थोडक्यात लिहा. याचा आणि खेळघराच्या कारभाराचा काय संबंध? ज्याने हा फॉर्म केला त्याला माझ्या हाताखाली सहा महिने ठेवायला हवं होतं.

भरला. फोटो काढून जावयाला पाठवला. नोंदणी त्याच्या नावावर, म्हणून पुढे तोच पाठवतो. टायपिंगच्या नावाने बोंब आहे त्याची. एक मेसेज लिहायला दहा मिनिटं लागतात.

१३ जानेवारी, मंगळवार

बस झालं. सोडून द्यावं हे काम. नुसता डोक्याला ताप!

पण काम सोडलं की भिंगरी गेली. सात वर्षांची माझी नात, एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून भिंगरी. लेक दूर देशी नोकरीला, पोरगी बापाकडे. घटस्फोटात कोर्टाचा तसाच निकाल झाला. मला पोरीला भेटण्याचा हक्क कुठल्याच कागदावर नाही. निकालाआधी समुपदेशक बाईंनी मला विचारलं होतं, वडील म्हणून ते कसे वाटतात? मी म्हटलं, "रोज दूध उतू घालणारा माणूस. याच्या भरवशावर मी मांजरसुद्धा ठेवणार नाही." तो शेजारच्याच खुर्चीत होता. चष्मा पुसत बसला.

त्यानंतर त्याने एकदा घरी बोलावलं होतं. मी ताडकन म्हटलं, उपकार नकोत. मग दहा महिने काही नाही. ऑक्टोबरात अचानक फोन, की असं असं काम आहे, सोबत आजी लागते, आणि तपासणीत तुमचा हात कोण धरणार? कामासाठी बोलावलं म्हणून गेले. कामाला नाही म्हणायची मला सवय नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१५ जानेवारी, गुरुवार

मेसेज — पुढची खेप पंचवीसला. "आजी आवश्यक." आवश्यक म्हणे! मी काय आग विझवायचं नळकांडं आहे?

२५ जानेवारी, रविवार

आज बोलिंग खेळले. लिहायलाही लाज वाटते. पण एकसष्टव्या प्रश्नाला दर वेळी "गुडघे" लिहिलं तर उद्या कंपनी म्हणेल, ही आजी बदला.

पहिला चेंडू थेट कडेच्या नाल्यात. दुसराही. तिसरा शेजारच्यांच्या नाल्यात! भिंगरी पोट धरून जमिनीवर बसली. जावयाचं पोर हरामखोर म्हणतात ते काही उगाच नाही. जावई मागे उभा राहून तोंडावर हात ठेवून होता. खांदे हलत होते, दिसलं मला.

मग पॉपकॉर्न खाताना ती कितीतरी बोलली. दात पडला तो डबीत ठेवलाय. आईचा शनिवारी फोन येतो, तेव्हा ती पलीकडे झोपेला आलेली असते. वर्गातली एक मुलगी हिच्याशी बोलत नाही, कारण माहीत नाही. मी हळूच विचारलं, दूध अजून उतू जातं का गं? तर म्हणाली, नाही, बाबाने शिट्टीचं भांडं आणलंय, फार जोरात वाजतं. मग विचारते कशी, "आजी, तू आमच्या घरी का येत नाहीस?"

म्हटलं, काम असतं.

खोटं माप दिलं आज. तेही पोरीला.

पट्टी — तशीच! आज तर निम्मी लोंबत होती.

२७ जानेवारी, मंगळवार

स्वच्छ हिशोब करायला बसले. या उपद्व्यापाचा उपयोग काय?

माझ्या आठ फॉर्मांनी त्या खेळघरात काय बदललं? साबण अजून उंचावरच. पॉपकॉर्न गार ते गारच. बदल एकच, तिकीट खिडकीवरची बाई आता "आपला दिवस आनंदात जावो" म्हणते. तेही नोटा मोजता मोजता. मोज्यांवाली हे वाक्य म्हणत नाही, म्हणून तिला प्रत्येक वेळी शून्य द्यावं लागतं. परवा एका रडक्या पोराच्या पायात मोजा चढवायला ती खाली फरशीवर बसली होती, पण त्याला रकाना नाही! असा फॉर्म भरणं म्हणजे काटा मारणंच आहे. फक्त इथे काटा मारणारी मी.

मग जाते कशाला? पंधरा दिवसांतून तीन तास पोरगी दिसते म्हणून. दुसरं काही नाही. एवढं लिहून टाकलं ते बरं झालं.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या जायचं. स्टॉपवॉचचा सेल बदलला. भिंगरीसाठी मोठी डबी घेतली, आणखी दात पडतीलच.

८ फेब्रुवारी, रविवार

पडलं! शेवटी पडलंच एक लेकरू.

चार वर्षांचं असेल. भिंगरीच्या मागोमाग जिना चढायला आलं, त्या पट्टीत पाय अडकला आणि हनुवटी थेट वरच्या पायरीच्या कडेवर. रक्त बघून त्याची आई जागच्या जागी थिजली. मोज्यांवाली काउंटरवरून उडी मारून धावली. बर्फ, रुमाल, पोराला मांडीवर घेतलं, सगळं तिनेच केलं. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत होते. जावई त्या आईला आणि पोराला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. दोन टाके.

आणि मी? माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. चालू! मदत यायला किती वेळ लागला, प्रश्न त्र्याऐंशी. नऊ सेकंद. शरम वाटली स्वतःची.

चार खेपा लिहिलं होतं मी. त्या पट्टीवर चार खेपा लिहिलं!

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच जावयाला फोन केला. म्हटलं, कंपनीच्या साहेबाचा नंबर दे, मी बोलते. तो गडबडला. नंबर नसतो म्हणाला, सगळं मेलवर चालतं. मी सांगतो, आई, मी बघतो पट्टीचं. आई म्हणायची सवय काही जात नाही त्याची. मी म्हटलं, तू बघतोस म्हणजे काय झालं ते काल दिसलं. फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, पोराला दवाखान्यात यानेच नेलं होतं. तोंडाला लगाम नाही मला. त्या दिवशीही नव्हता.

आता मार्ग एकच. सरळ खेळघराच्या मॅनेजरसमोर उभं राहायचं, मी कोण ते सांगायचं आणि पट्टी माझ्यादेखत काढून घ्यायची. पण नियम तीन — पाहणी करणाऱ्याने ओळख उघड केल्यास त्याचं नाव यादीतून कायमचं कमी होईल. पहिल्याच दिवशी जावयाने वाचून दाखवला होता. म्हणजे मी तोंड उघडलं की काम गेलं. काम गेलं की रविवार गेले.

दिवसभर येरझाऱ्या घातल्या. दोन वेळा निघाले, दोन वेळा परत चपला काढून ठेवल्या. तिसऱ्या वेळी बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले. तिची डबी पर्समध्येच राहून गेलीय. कालच्या गोंधळात द्यायची राहिली.

माझं मन म्हणतं, आणखी एक खेप जाऊ दे. नीट निरोप घेऊ दे पोरीचा. पण त्या पंधरा दिवसांत किती पोरं तो जिना चढतील? नोकरीत असते तर त्याच दिवशी सील ठोकलं असतं. आता माझं काही जायचं आहे, तर माझा हात उचलत नाही. दुकानदारांना काय काय ऐकवलंय मी यावरून!

१० फेब्रुवारी, मंगळवार

गेले होते. मॅनेजर रजेवर. उद्या अकराला या म्हणाले. काउंटरवरच्या माणसाला पट्टी दाखवली, तर म्हणाला, आजी, ते खातं वेगळं. मी तिथलीच एक खुर्ची उचलून जिन्यासमोर आडवी ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर बसून राहिले. कुणी उठवलं नाही.

भीती वाटतेय. इथे लिहायला काय हरकत आहे. उद्या सांगितलं की ती मला दिसणार नाही. मोठी होईल, रस्त्यात भेटली तर ओळखेल का कोण जाणे.

सांगायचंच आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, गुप्त पाहणी तर आम्ही दीड वर्षापूर्वीच बंद केली. फारसा उपयोग होत नव्हता तिचा. आमच्याकडून असा फॉर्म कुणालाच जात नाही.

पट्टीबद्दल एक गृहस्थ दोनदा सांगून गेले होते म्हणे. दोन्ही वेळा चिकटवली, दोन्ही वेळा सुटली. चष्मा होता, सोबत लहान मुलगी. माझ्यासमोर माणूस बोलावून तिने अख्खी पायरी काढून घेतली.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. नऊ फॉर्म. चौऱ्याण्णव प्रश्न. नियम तीनसुद्धा त्याचाच.

फोन लावला. फॉर्मबद्दल एक शब्द काढला नाही. म्हटलं, "उद्या तिला शाळेतून मी घरी घेऊन येऊ का?"

तो म्हणाला, "साडेबाराला सुटते. मागच्या फाटकाने येते ती, आई. पुढे थांबू नका."