जुळलं, सोल

डुलूथ, १४ मार्च

प्रिय ऑरिन,

तू मजेत आहेस असं धरून चालते. अक्षर एवढं मोठं बघून हसू नकोस. पेन सापडेना, म्हणून आपल्या लेकीच्या, ब्रिटाच्या, जुन्या खणातला काळा मार्कर घेतला. पानावर चार ओळी मावत नाहीत, पाकीट लठ्ठ होणार, पोस्टातली बाई माझ्याकडे बघणार. बघू दे.

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागलाय. शेजारच्या टोइनीने काल रानतांदळाचं सूप आणून दिलं, नेहमीसारखं मीठ विसरून. तुझ्या टूसॉनला आत्ताच एसी लागले असतील. तुला तेच हवं होतं, आता भोग.

मेल सोडून पत्र का, हे तुझ्या मनात आलंच असेल. तुझ्या मेलवर माझा विश्वास राहिलेला नाही. तुझ्या कॉम्प्युटरवरही नाही. तुझ्यावर आहे का, ते लिहिता लिहिता बघू.

घटस्फोटाच्या वेळी वकिलाने विचारलं होतं, ही तुमची ‘किटली’ नावाची भानगड कोणाच्या वाट्याला जाणार? तू त्याला किती छान समजावलंस! "कोड म्हणजे पाककृती, प्रोग्रॅम म्हणजे शिजलेलं अन्न, आणि आमची किटली हे मधलं भांडं. सगळं जग फुकट वापरतं. भांड्यालाच कोणी विष फासलं, तर पाककृती शंभरदा वाचूनही कळायचं नाही. म्हणून दोन किल्ल्या, एक हिची, एक माझी." घर विकलं, गाडी तू नेलीस, किटली तेवढी दोघांची राहिली. आणि रविवारचा फोन. एकाच कोडवरून नवी किटली मी इथे बांधायची, तू तिथे बांधायची, आणि दोघांच्या मशीनने दिलेला ठसा, ती आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ, एकमेकांना वाचून दाखवायची. जुळली की मगच तू नवी किटली लोकांसाठी वर चढवायची.

तर गेल्या महिन्यात तू चढवलेली किटली मी सहज उतरवून घेतली. माझ्या नव्या लॅपटॉपला हवी होती, एवढंच. सवयीने ठसा काढला. तो माझ्या ठशासारखा नव्हता.

आधी मी विलमवर घसरले, किटलीच्या कोडमध्ये आपल्याला फुकट मदत करणाऱ्या. तू म्हणशील, घसरणारच. पण ज्याचं तोंड आपण कधी पाहिलं नाही, जो प्रत्येक मेलच्या शेवटी दोनदा आभार मानतो, कंटाळवाणी कामं मागून घेतो आणि स्वतःसाठी काही मागत नाही, असा माणूस मला कधीच पचला नाही. त्याने लिहिलेली ओळ न् ओळ मी तपासली. स्वच्छ. इतकी स्वच्छ की माझाच राग आला मला.

म्हणजे पाककृतीत काही नाही. जे शिरलंय ते बांधताना शिरलंय. माझ्याकडे नाही, म्हणजे तुझ्याकडे. आणि तू तर फोनवर म्हणाला होतास, "जुळलं, सोल."

मग मला आठवलं, गेले कित्येक रविवार तू म्हणतोस, "आधी तू वाच." मी वाचते, तू ऐकतोस, आणि शेवटी म्हणतोस, जुळलं.

ऑरिन, तुला सापळा लावणार नाही, असं मी एकदा कबूल केलं होतं. तू बेकरीतून उशिरा आलास की मी पावतीवरची वेळ बघायची, ते तुला असह्य झालं होतं. "तुझ्या संशयाला औषध नाही," असं म्हणून तू बॅग भरलीस. मी शब्द पाळला. गेल्या रविवारी मोडला. मी खोटा ठसा वाचला. तोंडाला येतील ती अक्षरं, आणि शेवटी आपल्या ब्रिटाची जन्मतारीख. सावकाश वाचली, तुला कळावी म्हणून.

तू म्हणालास, "जुळलं, सोल. अगदी जुळलं. जेवलीस का?"

मी हो म्हटलं. काहीच जेवले नव्हते.

ब्रिटा काम करते त्या हॉस्पिटलात औषध सोडणाऱ्या पंपांचा प्रोग्रॅम आपल्याच किटलीतून बांधतात, हे तुला ठाऊक आहे. आत काय घुसवलंय ते मला अजून उलगडलेलं नाही. म्हणून आज सकाळी मी ती किटली लोकांसमोरून काढून टाकली, वापरू नका अशी पाटी लावली आणि तुझी किल्ली बंद केली. तेवढा अधिकार आपण एकमेकांना दिला होता.

तू विकला गेलास, असं मी पहिल्या दिवशी धरलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, तुझ्या मशीनमध्ये कोणी घुसलंय. आणि मग ब्रिटाने नाताळात सांगितलेलं आठवलं, बाबांनी कॉफी कपाच्या बाहेर ओतली आणि वर हसले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं दोनदा टाळलं. कार्डावर सही केली ती ब्रिटाच्या नावावरच.

पेन इथेच होतं, ऑरिन. टेबलावरच.

तुला दिसत नाहीये, असं मला वाटतं. तू किल्ली त्या आभार मानणाऱ्या विलमला दिलीस, बांधायचं कामही त्याच्यावर सोपवलंस, आणि माझ्यापाशी फक्त ‘जुळलं’ म्हणत राहिलास. खरं सांगितलं असतंस तर मी ठसा जुळवायला दुसरा माणूस शोधला असता, आणि रविवारचा फोन संपला असता. हेच कारण असलं तर मी तुला कधी माफ करणार नाही, आणि माझ्याइतकं आनंदी कोणी नसेल. पण तू विकला गेला असशील, तरीही मी स्वतःला हेच समजावलं असतं. तेवढं ओळखते मी स्वतःला.

तेव्हा हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. भिंग लाव, खिडकीशी बस, चार दिवस लागू देत. रविवारी नेहमीच्या वेळी फोन करीन. या वेळी आधी तू वाच. ठसा नको, या पत्रातली कुठलीही एक ओळ वाचून दाखव. नाही वाचता आली तर नाही म्हण, मी ब्रिटाला घेऊन पुढच्या विमानाने येते.

फक्त ‘जुळलं’ म्हणू नकोस.

अजून बरी न झालेली,
सोलवेग