कमाईचा रकाना

खिडकीपलीकडच्या तुला,

भाचीच्या दम्यासाठी सरकारी बालविम्याचा फॉर्म भरायला आलो होतो, आठवतं? तू बघत होतीस, म्हणून घरातल्यांच्या यादीत माझ्या कमाईच्या रकान्यात भलताच मोठा आकडा ठोकला. शाईने माखलेलं बोट त्यावर ठेवून तू हसलीस, "एवढं कमावता, मग इथं रांगेत कशाला, साहेब?" काय गोड हसली होतीस! पण मी भडकलो, फॉर्म फाडून निघून गेलो. त्याच आठवड्यात योजनेचा निधी आटला, नोंदणी बंद पडली. वर्षभर पोर औषधाविना धापा टाकत राहिली.

आज नोंदणी पुन्हा उघडली. खिडकीत चष्मेवाले काका होते. 'कॉलेज सोडलं, कमाई नाही,' असं सरळ लिहिलं. कार्ड मिळालं. ताई म्हणाली, "शहाणा झालास रे!"

कसला शहाणा? खिडकीत तू असतीस, तर आजही खोटंच लिहिलं असतं.

तुझाच, पण तुला न कळवता