दोन योहाना

वॉटफर्ड,
११ नोव्हेंबर २००६

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं स्थळाबद्दलचं पत्र मिळालं. वाचून हसले आणि कपाटात ठेवून दिलं, रागावू नकोस. शनिवारी मी अजूनही शेजारच्या मिसेस व्हिसरकडेच असते. त्या मूळच्या डच. त्यांच्या आजीची बहीण जहाजाने अमेरिकेत मिशिगनला गेली आणि जन्मभर माहेरी पत्रं लिहीत राहिली. अमेरिकेतल्या डच वस्त्यांचा इतिहास जपणाऱ्या एका मंडळाला ती हवी आहेत. बाई भिंग लावून वाचतात, इंग्रजीत सांगतात, मी टाइप करते. बाहेर कॅनॉलवर धुकं असतं आणि मला वाटत राहतं, आपण तिकडच्याच बर्फात उभ्या आहोत.

या वेळी मात्र मी मोठा घोळ घातला. १८८४च्या पत्रात मुलगी योहाना दोन वर्षांची, १८८७च्या पत्रात ती नुकती चालायला लागलेली. तारीख चुकली असेल म्हणून मी पत्रांसोबत जोडायच्या त्यांच्या वंशावळीत एकच योहाना ठेवली. बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची त्यांच्यात रीत होती. पहिली योहाना तापाने गेली होती. तिचा फोटो नाही, कुठे नोंद नाही. ती फक्त या पत्रांत होती आणि मी तिला पुसून टाकलं! लगेच दुरुस्त केलं, तरी मन खातंय.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी लिही.

तुझी,
कल्याणी


नागपूर,
२४ नोव्हेंबर २००६

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र चारदा वाचलं. स्थळाचं राहू दे. हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं.

तुझ्याआधी मला एक मुलगी होती. अकरा महिन्यांची असताना गोवराने गेली. तिचं नाव कल्याणी. तू झालीस तेव्हा बायका म्हणाल्या, हे नाव पुन्हा नको. तुझे बाबा म्हणाले, आपण असलं काही मानत नाही, नाव तेच. मी भांडले, मग गप्प बसले. पुढे तुला हाक मारली की वाटायचं, दोघी धावत येतील. दारात तू एकटीच, गुडघे फोडून आलेली.

त्या बायका गेल्या, बाबाही गेले; आता ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी गेले की संपलं. म्हणून लिहिलं. आईवर राग धरू नकोस.

तुझी आई,
कांताबाई


वॉटफर्ड,
९ डिसेंबर २००६

ती. आईस,
सविनय जय भीम.

तुझं पत्र ट्रेनमध्ये उघडलं आणि माझं स्टेशन मागे गेलं. रागावले नाही गं. खूप रडले.

आज आपली वंशावळ लिहायला बसले. पणजोबांच्या मागची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, तेवढी जागा मोकळी सोडली. तुझ्या आणि बाबांच्या नावांखाली आधी ताई, मग मी. नाव एकच पाहून माझ्यासारखी एखादी शहाणी त्यातलं एक खोडेल, म्हणून शेजारी लिहिलं आहे की या दोघी आहेत. ताईची जन्मतारीख तेवढी कळव.

लोभ आहेच, आता तो उघडपणे दोघींवर असू दे.

तुझी धाकटी,
कल्याणी