मिलुस्काची कुई आणि माझा अंतिम निर्णय

३ जून, मंगळवार
मिलुस्काला कुई पाळायची आहे. खायला नाही, नुसती पाळायची! सासूबाईंनी चुलीमागे कुयांचं खुराडं ठेवलंय, त्यातलीच एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. मुलगी पंधरा वर्षांची झाली. तिच्या मते इतर देशांत कुईला गिनीपिग म्हणतात, मांडीवर घेतात, आणि भाजून बटाट्यांबरोबर कुणी खात नाही. इतर देशांचं इतर देशांपाशी. हे आमचं डोंगरातलं वांकायो आहे, इथे कुई ताटात असते.
घरात शेवटचा शब्द माझा असतो. विचार करून सांगतो म्हणालो.

४ जून
आज परत आली. माझ्या खोलीत, आपणहून, खुर्ची ओढून बसली. पॉइंट्स काढून आणले होते. घाण तीच काढणार, चारा तीच आणणार. बराच वेळ बोलली. एरवी दार बंद आणि कानात इयरफोन.
बापाने कुठलीही गोष्ट घाईत ठरवू नये. उद्या निर्णय.

५ जून
निर्णय झाला नाही. अभ्यास चालू आहे. परत आली होती.

८ जून, रविवार
सासूबाईंकडे विषय काढला. म्हणाल्या, पोरीला बाहुली हवी असेल तर बाजारातून आणा. पुढच्या रविवारी फादर्स डे, लिमाहून मेव्हणा येतोय, चार कुया लागतील, आणि ठिपकेवालीच सगळ्यांत गुबगुबीत आहे.
मी त्यांना ठामपणे सांगितलं की... म्हणजे सांगणार होतो. तोंडात मका होता.

११ जून, बुधवार
रोज येते. कुईवरून सुरुवात होते आणि मग गाडी कुठेही जाते. गणिताच्या नव्या बाई वर्गात झोपतात. मैत्रीण रोसमेरी केस निळे करणार आहे. हे सगळं मला आता कळतं.
आज सरळच विचारलं तिने, की पप्पा, तुम्ही शेवटी हो म्हणणार आहात ना? दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, असं सांगितलं. रविवार जवळ आलाय, म्हणाली. कॅलेंडर मलाही वाचता येतं, म्हणालो.
हो म्हटलं तर उद्यापासून ती कशाला येईल? या मुद्द्याचा निर्णयाशी काही संबंध नाही. खोडतो.
सेनाईदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अबेलिनो, सांगून टाक तिला काय ते. ती तुझी करमणूक करायला येत नाही."
बायकोला प्रोसेस कळत नाही.

१२ जून
आली नाही. परीक्षा असेल.

१३ जून
आजही नाही. दार उघडंच ठेवलं होतं. गार वारा आत आला, पाठ धरली.

१४ जून, शनिवार
निर्णय पक्का. हो! उद्या जेवणाआधी सगळ्यांसमोर जाहीर करणार. छोटं भाषण तयार आहे. सासूबाईंना सकाळीच सांगेन, तीन कुयांत भागेल. मिलुस्काला आज काही सांगणार नाही. सरप्राइज.

१५ जून, रविवार, दुपार
सकाळी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मग माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक गिऱ्हाईक नळाच्या तोटीसाठी आलं आणि तासभर नुसतं तोट्या फिरवत बसलं. घरी पोचलो तर ताटं वाढलेली. चार कुया. केस काढून तळल्यावर ठिपकेवाली कुठली ते ओळखता येत नाही.
मिलुस्का शांतपणे बटाटे खात होती. माझ्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला, आज तुमचा दिवस म्हणून. पित्त झालंय म्हणालो. मेव्हण्याने तो संपवला आणि बोटं चाटली. भाषण खिशातच राहिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मिलुस्काच्या खोलीपाशी गेलो. दार वाजवलं. सांगितलं, की कालच हो ठरलं होतं, खरंच, फक्त जाहीर करायचं राहिलं. आवाज जरा बसला होता. गार वाऱ्यामुळे.
तिने इयरफोन काढला. "कुई रोसमेरीकडे आहे, पप्पा. गुरुवारीच नेली. तिच्या बाबांनी लगेच हो म्हटलं."
चौथी कुई आजीने शेजारणीकडून आणली, म्हणे. म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. सेनाईदालाही. मेव्हण्यालासुद्धा, लिमात बसून!
मुलांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, हीसुद्धा लीडरशिपच आहे. माझ्याच पद्धतीचं हे यश.
लगेच हो म्हणाला. काही अभ्यास नाही, काही नाही. असली माणसं बाप होतात.

२१ जून, शनिवार
रोसमेरीच्या घराकडे काम निघालं. सोडतो तुला, असं मिलुस्काला म्हटलं. काम काय, ते तिने विचारलं नाही. माझ्या हातात कुईसाठी लसूणघासाची जुडी होती, तिच्याकडे बघितलं फक्त.
रोसमेरीचे वडील बेकरीवाले. हसरा माणूस, नाइलाज आहे. त्यांनी कुई माझ्या मांडीवर ठेवली. थरथरत होती, मी पाठीवरून हात फिरवला. तिने पँटवर मुतलं. मिलुस्का इतकी हसली की भिंतीला टेकावं लागलं.
परत येताना चढावर ती माझ्या बरोबरीने चालत होती आणि बोलत होती. रोसमेरीच्या मावशीची ससीण व्यालीय. एक पिल्लू पूर्ण काळं आहे, डोळे अजून उघडले नाहीत.
मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, "आण. उद्याच आण. माझी काही हरकत नाही."
ती म्हणाली, "मी मागत नाहीये, पप्पा. नुसतं सांगतेय."